मोठ्याने सांगा

यानिनाचं ते पत्र अजून माझ्याकडे आहे. पाकिटावर तिकीट आहे, आमच्याच गावच्या टपालाचा शिक्का आहे, आणि पाठवणारीचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. भाचीने मामाला असं पत्र टाकावं हे आमच्या घराण्यात फक्त माझ्या बाबतीत घडतं. फोन वाजला की मी तो थांबेपर्यंत दुसऱ्या खोलीत जाऊन उभा राहतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

‘मामा,’ तिने लिहिलं होतं, ‘शाळेसमोरच्या बाकावर माझ्याबरोबर बसशील का? मंगळवारपासून आगाऊ मतदान सुरू होतंय. निरीक्षक म्हणून आम्हाला आत घेत नाहीत, तेव्हा बाहेर बसून किती माणसं आत जातात तेवढं मोजायचं. कुणाशी बोलावं लागणार नाही. दोघं असलो की एकाला पाणी प्यायला उठता येतं. नको असेल तर नको म्हण, मी रागावणार नाही. पण काहीतरी कळव.’

काहीतरी कळवणं मला जमलं नाही. हो म्हटलं तर बसावं लागलं असतं. नाही म्हटलं असतं तर तिने समजून घेतलं असतं, आणि ते मला अधिक जड गेलं असतं. मी कागद काढला, ‘प्रिय’ लिहिलं, मग ‘लाडक्या’ बरं दिसेल का याचा विचार करत बसलो. पत्र मधमाश्यांवरच्या एका पुस्तकात खूण म्हणून राहिलं, आणि मंगळवार उजाडला.

त्या आठवड्यात मुलगी शाळेबाहेर होती आणि आई शाळेत. रेगिना, माझी धाकटी बहीण, शाळेची मुख्याध्यापिका. मतदानकेंद्र शाळेत, म्हणून केंद्रप्रमुखही तीच, आणि मोजणीला तिच्याच शिक्षिका. सगळ्या वर्षावर्षाच्या करारावर. करार पुढे चालू ठेवायचा की नाही हे उन्हाळ्यात ठरतं, आणि मतदानही उन्हाळ्यातच आलं होतं. बुधवारी सकाळी यानिना पोचली तेव्हा बाकाला ताजा हिरवा रंग होता आणि वर पुठ्ठ्याची पाटी: ‘रंग ओला आहे’. रंग रेगिनानेच लावून घेतला होता. यानिनाने घरून बापाचं मासे धरायला न्यायचं घडीचं स्टूल आणलं आणि बाकाशेजारी मांडलं. रेगिनाने खिडकीतून पाहिलं. आई हसली, असं यानिनाने मला सांगितलं. रेगिना म्हणते, मुळीच नाही.

शुक्रवारी संध्याकाळी रेगिनाचा नवरा तोलिक लेकीसाठी डब्यात बटाट्याची धिरडी घेऊन गेला, तर तिथे नुसतं स्टूल होतं, आडवं पडलेलं. समोरच्या फुलवालीने सांगितलं: नंबर नसलेली गाडी आली, दोघे उतरले. पोरगी ओरडली नाही. माझी टोपी तेवढी घेऊ द्या म्हणाली, तर तीही घेऊ दिली नाही. फुलवालीने टोपी उचलून ठेवली होती. ती तिने तोलिकच्या हातात दिली.

आणि शनिवारी आम्ही काकड्या खारवायला दाच्यावर, म्हणजे आमच्या गावाबाहेरच्या बागेतल्या घरी, जमलो.

बाहेरच्याला हे चमत्कारिक वाटेल. पण काकड्या कुणासाठी थांबत नाहीत. ऑगस्टातल्या त्या शनिवारी सगळ्या घराने गावाबाहेरच्या त्या लाकडी खोलीत जमायचं, बरण्या वाफवायच्या, ही आमच्या आईपासूनची रीत. आई गेली त्या वर्षीही आम्ही बरण्या भरल्या होत्या. फक्त मीठ कुणी किती टाकायचं हे विचारायला कुणी नव्हतं. शिवाय घरी बसून टोपीकडे बघत राहण्यापेक्षा हे बरं, असं हेलेनाताई म्हणाली.

हेलेनाताई आमच्यात थोरली. जन्मभर शाळेच्या खानावळीत स्वयंपाकीण होती. मी त्याच शाळेच्या ग्रंथालयात होतो, त्यामुळे गावात लोक म्हणत, ती शाळा नाही, त्या भावंडांचं घर आहे, पोरं पाहुणी येतात.

“पेन्शन पाच तारखेला येते,” ताई शेपूच्या जुड्या सोडवत म्हणाली. “एकदा चुकली नाही. रस्ते झाडलेले असतात. याहून काय हवं होतं तिला?”

“मोजायचं होतं, ताई,” तोलिक म्हणाला.

“मोजायची हौस होती तर इथे यायचं. काकड्या मोजायच्या!”

कुणी हसलं नाही. तीही नाही.

तोलिक सकाळीच पोलीस कोठडीवर जाऊन आला होता, पाव आणि ताईने विणलेला स्वेटर घेऊन. खिडकीतल्या माणसाने सांगितलं, या नावाचं कुणी इथे नाही. मग कुठे आहे? ते आम्हाला कसं माहीत असणार? स्वेटर परत आला. तो दाराजवळच्या खुंटीवर होता आणि आम्ही सगळे त्याच्याकडे न बघता त्याच्या खालून ये-जा करत होतो.

दुपारी रेगिना सायकलवरून आली. आगाऊ मतदानाचा शेवटचा दिवस, पण उपप्रमुखावर सोपवून आली होती. तिने हात धुतले, एप्रन बांधला आणि बरणीत काकड्या उभ्या लावायला घेतल्या. तळाला लसूण, चेरीची पानं, मग काकड्या, देठ वर. एकही तिरकी नाही.

तोलिकने मला नंतर सांगितलं की त्या वेळी त्याला ती बरणी भिंतीवर फोडावीशी वाटत होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी या बाईचे हात कधी थरथरलेले त्याने पाहिले नव्हते. आधी त्याला याचा अभिमान वाटायचा.

“बाकाला रंग तू लावलास,” तो म्हणाला.

“हो.”

“पोटच्या पोरीच्या बसायच्या जागेला.”

“तिने बसू नये म्हणून लावला. नसती बसली तर आज इथे शेपू निवडत असती.”

“आणि तुझ्या दारावर जो आकडा चिकटवलास, आगाऊ मतदानाचा? तिने मोजलेल्याच्या तिप्पट! तिप्पट, रेगिना! मागच्या दाराने काय गाई येत होत्या मत द्यायला?”

“तोलिक.”

“नाही, मला कळू दे. तू नुसती मान खाली घालून—”

“तुझा करार कधी संपतो रे?” रेगिनाने शांतपणे विचारलं. तोलिक वनखात्यात ट्रक चालवतो. “सप्टेंबरात ना? मग मान कुणाकुणाची खाली आहे ते बघू या की एकदा.”

मी झाकणं पुसत होतो. पुसलेली झाकणं पुन्हा पुसत होतो.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. आमच्या सगळ्यांच्या हातातलं काम जागच्या जागी थांबलं. दारात आला तो ल्येव. जिल्हा कार्यालयात लोकांनी काय विचार करायचा हे बघणारा विभाग आहे, त्याचा तो साहेब. उन्हात चालून आल्यासारखा लाल झालेला, पांढरा सदरा, काखेत फाईल. रेगिनाचा एकेकाळचा विद्यार्थी. दारात त्याने बूट काढले, आणि मोज्याला भोक होतं ते मला दिसलं.

“बाई, नमस्कार. मावशी. काका.” त्याने दीर्घ श्वास घेतला. “आहाहा, काय वास सुटलाय! लहानपण आठवलं.”

“बस, ल्योवा,” रेगिना त्याच्या शाळेतल्या लाडक्या नावाने म्हणाली.

तो बसला. ताईने सवयीने गेल्या आठवड्यातल्या, अर्धवट मुरलेल्या काकड्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली. त्याने एक घेतली, कडकन चावली.

“यानिना बरी आहे,” तो म्हणाला. “मी स्वतः बघून आलो. काळजी नको.”

तोलिक उठून उभा राहिला. “सकाळी तर म्हणाले, तिथे नाहीच.”

“सकाळी नोंद व्हायची होती. आता आहे. एकटी नाही, बारातेरा जणी आहेत सोबतीला. गप्पा मारतात.”

“खोली किती जणींची?” ताईने विचारलं.

“चौघींची.”

“मग झोपतात कशा?”

“पाळीपाळीने, मावशी,” ल्येव म्हणाला, आणि दुसरी काकडी घेतली.

त्याच्या बोलण्यात क्रूरपणा नव्हता. विचारलं, त्याने सांगितलं. ताईने मात्र बशी उचलली आणि खिडकीत नेऊन ठेवली. त्याचा हात मोकळाच टेबलावर राहिला.

मग त्याने फाईल उघडली. एक कागद होता, टाइप केलेला, खाली सहीची जागा. केंद्रप्रमुखाची तक्रार: निरीक्षक म्हणवणाऱ्या अमुक महिलेने मतदारांना अडवलं, आरडाओरडा केला.

“सोमवारी कोर्ट आहे, बाई. न्यायाधीशांनी हा कागद बघितला की म्हणतील, आईनेच तक्रार केलीय, म्हणजे घरचं भांडण. दंड करतील, सोडतील. संध्याकाळी पोरगी घरी. कागद नसेल तर पंधरा दिवस. आणि पुढे कुणी फौजदारी लावली तर ते माझ्या हातात नाही. खरंच नाही.”

“आणि उद्या, मुख्य मतदानाला?” रेगिनाने विचारलं.

“उद्याचं काय, नेहमीसारखं. शांततेत. तुमच्या बायका चिठ्ठ्या तुमच्याकडे देतील, बेरीज मी घेऊन येईन.”

मोजणीची ही आमच्याकडची पद्धत. प्रत्येकीने आपल्यापुढचा गठ्ठा मोजायचा, आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि न बोलता प्रमुखाच्या हातात द्यायचा. शेजारणीचा आकडा शेजारणीला कळत नाही. घरी गेल्यावर प्रत्येकीला म्हणता येतं, माझं मी बरोबर मोजलं, पुढचं मला ठाऊक नाही. सगळ्या चिठ्ठ्या बघणारं माणूस एकच. बाकीच्या निजतात कशा, असा प्रश्न म्हणूनच पडत नाही.

“सही मोजणी झाल्यावर करीन,” रेगिना म्हणाली.

ल्येवने तिच्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर चुकलं की बरोबर हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न तो दहाव्या वर्षी करायचा, तसं.

“चालेल, बाई. दोन्ही एकदमच होऊन जाईल.” जाताना त्याने खिडकीजवळच्या भरलेल्या बरणीवर हात ठेवला. “एक नेऊ का, मावशी? बायकोला दाखवतो.”

“ठेव ती. मुरली नाहीये.”

“घरी मुरेल.”

“तुझ्या घरी नाही मुरायची,” ताई म्हणाली. “तुला मी दुसरं कटलेट वाढायची रे, ल्योवा. रांगेत शेवटी उभा राहायचास, बाप दारू पिऊन पडलेला, पोर उपाशी म्हणून. पाळीपाळीने जेवलास का कधी माझ्या खानावळीत?”

तो बूट घालताना वाकला, तेव्हा त्याचे कान लाल दिसले.  गाडी गेली, आणि आमच्यात जो गोंधळ झाला तो गेल्या वर्षीच्या वाटणीच्या भांडणालाही झाला नव्हता.

“सही कर,” तोलिक म्हणाला. आत्तापर्यंत बायकोवर ओरडणारा तोलिक! “आत्ता कर, मी गाडीमागे पळत जाऊन देतो. आकडे जाऊ देत खड्ड्यात. इतकी वर्षं खोटे होते, एकदा अजून. माझी पोरगी उभ्याने झोपतेय.”

“करू नकोस,” ताई म्हणाली. दर निवडणुकीला सकाळी पहिली जाऊन त्याच एका नावावर खूण करून येणारी ताई! “खबरदार. पोरीने ओरडा केला नाही. फुलवालीने सांगितलंय ना? टोपी मागितली तिने. आई लिहून देणार की ओरडली?”

“ताई, तुम्हाला काय जातंय बोलायला? तुमची पेन्शन पाच तारखेला येते!”

“घाल चुलीत ती पेन्शन!”

म्हणाली खरी, आणि स्वतःच दचकली. खाली बसली. मग एप्रनने डोळे पुसले आणि म्हणाली, कांदा कुणी चिरला इथे. कांदा कुणीच चिरला नव्हता.

रेगिना माझ्याकडे वळली. “दादा, तू सांग.”

घरातल्या कुठल्याही भांडणात मला विचारलं जात नाही. त्या दिवशी विचारलं. तिघेही माझ्याकडे बघत होते. मला पुष्कळ काही वाटत होतं, पण जे तोंडातून बाहेर आलं ते असं: “ते झाकण नीट बसलेलं नाही.”

रेगिना हसली. खरोखरच हसली, कपाळावरचा घाम मनगटाने पुसत. तिने बरणी ओढली, झाकण पुन्हा आवळलं, कागद घडी करून झग्याच्या खिशात टाकला आणि सायकल काढली.

रात्रभर, म्हणजे झोप लागली नाही तेवढा वेळ, मला आठवत होतं की यानिनाने एवढंच मागितलं होतं. कुणाशी बोलावं लागणार नाही.

रविवारी सकाळी मी शाळेसमोर गेलो. शाळेच्या दारात कर्ण्यावर गाणी लागली होती, आत पाव आणि सॉसेज स्वस्तात विकायला मांडलं होतं, नेहमीसारखं. बाकावर पाटी होती. मी पाटी उचलून जमिनीवर ठेवली आणि बसलो. शनिवारी रंगाचा दुसरा हात दिला असावा, बसल्याबरोबर कळलं. उठून काही उपयोग नव्हता.

मग मी मोजायला लागलो. पुस्तकं मोजण्यात माझा जन्म गेला. माणसं त्या मानाने सोपी, ती स्वतः चालत येतात. किती तरी जणांच्या मनगटाला पांढरी फीत होती, बदल हवा असलेल्यांची खूण. काहींनी मला नमस्कार केला. मी मान हलवली. घसा कोरडा पडला, पण पाण्याला उठायचं तर मोजणार कोण? तेवढ्यात माझ्या शेजारी स्टूल उघडल्याचा आवाज झाला. तोलिक बसला, डोक्यावर यानिनाची टोपी, त्याच्या मोठ्या डोक्यावर अर्धी चढलेली.

“जा, दादा, पाणी पिऊन ये,” तो म्हणाला. “किती झालेत सांग.”

दुपारी ताई आली. मनगटाला बरण्यांवर बांधायच्या फडक्याची पांढरी चिंधी. आत गेली, बाहेर आली, आमच्यासमोर थांबली.

“मत कुणाला दिलं ते मी मेले तरी सांगणार नाही. पण कागदाची घडी पंख्यासारखी घातलीय.” त्या वर्षी नव्या नावाला मत देणारेच तशी घडी घालत होते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. “आणि तू, बाकावरच्या, तुझी पँट गेली. धुऊन निघायची नाही.”

संध्याकाळी आठाला दार बंद झालं. ऊन अजून शाळेच्या भिंतीवर होतं. माणसं घरी गेली नाहीत. हिरवळीवर, पायऱ्यांच्या कडेला, मुलाबाळांसकट उभी राहिली. दारात पोलीस होता, त्यालाही काय करावं कळत नव्हतं. मोजणी व्यायामशाळेत, तळमजल्यावर. खिडक्या बंद, पडदे ओढलेले.

पुढचं थोडं मी बाहेरून ऐकलं, बाकीचं रेगिनाने सांगितलं. स्वतःविषयी सांगताना ती फार कठोर होते, म्हणून मी जरा सैल करून लिहितो आहे. यात माझं चुकतही असेल.

पेटी उलटी केली तेव्हा टेबलभर पंखे उघडले. घड्या घातलेले ते कागद आपोआप उकलत होते, जिवंत असल्यासारखे.  शिक्षिका मोजायला बसल्या. कोपऱ्यात सरकारी संघटनेतून पाठवलेले निरीक्षक पेंगत होते. ल्येव मुख्याध्यापिकेच्या खोलीत बेरीज घेऊन बसला होता.

रेगिना सही करणार होती. हे तिने मला दोनदा सांगितलं. पेन तिने खिशात लावून ठेवलं होतं. तिच्या डोक्यात ‘पाळीपाळीने’ हा एकच शब्द होता, आणि यानिना उभी राहून झोपू शकते का, याचा ती विचार करत होती. लहानपणी तापात झोपली होती तशी एकदा, बापाच्या खांद्यावर.

पहिली चिठ्ठी घेऊन झोस्या आली. गणिताची, सगळ्यांत नवी. तिने चिठ्ठी इतकी बारीक घडी केली होती की मुठीत दिसत नव्हती. मान खाली घालून, इकडेतिकडे बघत, टेबलाखालून तिने ती रेगिनाकडे सरकवली.

रेगिनाने जन्मभर अशा चिठ्ठ्या पकडल्या होत्या. मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर जाणाऱ्या, नेमक्या अशाच हाताने. ती म्हणते, मी काही ठरवलं नाही. तोंडातून निघून गेलं.

“माझ्या वर्गात चिठ्ठ्या चालत नाहीत. उभी राहा आणि मोठ्याने सांग.”

झोस्या पांढरीफटक पडली. “बाई?”

“काय मोजलंस ते सांग. आणि खिडकीजवळच्या कोण आहात, खिडक्या उघडा. घामाचा वास येतोय इथे.”

पडदे सरले, खिडक्या उघडल्या. आम्ही बाहेर पाहिलं ते एवढंच: एका बाईचा उघडा दंड, मग दुसरी खिडकी, तिसरी. आणि एका मुलीचा आवाज, प्रार्थनेला उभं केल्यासारखा उंच:

“जुन्या नावाला एकवीस. नव्या नावाला एकशे तीन.”

“पुढची,” रेगिनाचा आवाज.

“जुन्याला अठ्ठावीस. नव्याला सत्त्याण्णव.”

हिरवळीवर एक बाळ रडत होतं. त्याच्या आईने त्याला छातीशी घेतलं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हुं केलं नाही. पुढचा आकडा हुकेल म्हणून. तोलिक ओठ हलवत बेरीज करत होता.

आत दार आपटलं. ल्येव आला होता. “बाई! चिठ्ठ्या! पद्धत काय आहे? चिठ्ठ्या!”

“ल्योवा, बस,” रेगिना म्हणाली. “कुणी उत्तर देत असताना मध्ये बोलायचं नाही.”

आणि तो बसला. रेगिना म्हणते, क्षणभरच, पण बसला. व्यायामशाळेच्या बुटक्या बाकावर, गुडघे वर करून. तेवढ्यात आणखी दोन आकडे बोलून झाले होते. मग तो भानावर येऊन उठला, पोलिसाला हाका मारू लागला, खिडक्या बंद करा म्हणून ओरडला. पण शिक्षिका आता एकामागून एक स्वतःच उभ्या राहत होत्या. शेवटचा गठ्ठा रेगिनाचा. तो तिने स्वतः उभं राहून सांगितला. आणि मग विचारलं, “बेरीज?”

झोस्याने बेरीज सांगितली. बाहेर तोलिकने तीच सांगितली, अर्धा क्षण आधी.

दारावर निकालाचा कागद लागला नाही. मागच्या दाराला गाडी आली, रेगिनाला आणि गठ्ठ्यांना घेऊन गेली. रेगिना पहाटे परत आली, गठ्ठे नाहीत. जिल्ह्याने दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेचा म्हणून जो आकडा छापला, तो ल्येवच्या फाईलमधला. त्यावर रेगिनाची सही नाही. तिथे उपप्रमुखाची आहे. तक्रारीचा कागद झग्याच्या खिशात राहिला आणि धुण्यात गेला.

सोमवारी कोर्टात यानिनाला पंधरा दिवसांची कोठडी झाली. मंगळवारी रेगिनाला शाळेत बोलावून करार पुढे चालणार नाही असं सांगितलं. तिने वर्गातली कुंडी तेवढी उचलून आणली.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. पुस्तकांच्या ढिगांमुळे माझ्याकडे खुर्ची एकच. ती तिच्यावर बसली, मी खिडकीच्या कट्ट्यावर.

“घरी असती आज,” ती म्हणाली. “सही केली असती तर. मी तिचे दिवस वाढवले का रे, दादा? खरं सांग. झाकणाचं सांगू नकोस.”

मी विचार केला. मला खरंच माहीत नव्हतं, अजूनही नाही. “ते तीच सांगू शकेल,” मी म्हणालो. “तिला विचारायला हवं. मी लिहितो.”

“तू?”

“मी तिला एक उत्तर देणं लागतो.”

कोठडीत जाणारी पत्रं आधी कुणीतरी वाचतं. आकडे दिसले की पत्र पोचत नाही, असं तिथल्या आपल्या माणसांना लिहिणारे लोक सांगत होते. मी कागद घेतला. ‘प्रिय’ की ‘लाडक्या’ याचा निकाल पुन्हा लागेना, तेव्हा सरळ नावच लिहिलं.

‘यानिना, तू विचारलं होतंस, बाकावर बसशील का. उशीर झाला, पण बसलो. रंग ओला होता. माझी पँट आता कायमची हिरवी आहे. तुझे बाबा तुझी टोपी घालून शेजारी होते. ती ताणली गेली आहे, त्याबद्दल त्यांच्याशी भांड. मावशीने बरण्यांचं फडकं फाडलं आणि पेन्शनविषयी जे बोलली ते इथे लिहिता येत नाही. काकड्या चांगल्या मुरत आहेत. तुझ्या आईने रविवारी वर्ग घेतला. खिडक्या उघड्या होत्या. तिने सगळ्यांना उभं करून उत्तरं मोठ्याने सांगायला लावली, आणि सगळ्यांची बरोबर आली. रस्त्यावरसुद्धा ऐकू गेली. यामुळे तुझं घरी येणं लांबलं असं तिला वाटतं, आणि ती झोपत नाही. तुला काय वाटतं ते तिला कळव. नको असेल तर नको म्हण, पण काहीतरी कळव. – मामा.’

रेगिनाने वाचलं. एक स्वल्पविराम काढला, एक घातला. पाकीट तिने चिकटवलं नाही. माझ्या हातात दिलं.

कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत मी एकटाच गेलो. तिथे उभा राहून, ‘वर्ग घेतला’ हे फार उघड तर झालं नाही ना, असा विचार मी केला, आणि मग चिकटवून पाकीट आत सोडलं. इतकी वर्षं या पेटीत काही टाकलं की ते पत्र्यावर आपटल्याचा आवाज यायचा. त्या संध्याकाळी आला नाही. माझं पत्र आतल्या पत्रांवर पडलं, अगदी हलकेच.